पंचाच्या हातातली काठी

ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या उत्खननात कांस्यपत्र्याचा एक तुकडा सापडला. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरचा. त्यावर कुस्तीचा नियम कोरला आहे: मल्लाने कुणाचे बोट मोडू नये, मोडल्यास पंचाने फटके द्यावेत, पण डोक्यावर नाही. शिक्षा देतानाही मल्लाचे डोके जपणाऱ्या त्या नियमकर्त्यांविषयी आदर वाटतो.

नियम झाला म्हणून बोटे वाचली नाहीत. सिसिलीचा लिओंटिस्कस प्रतिस्पर्ध्याला पाडू शकत नसे, बोटे पिरगळूनच जिंकायचा, असे प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पॉसानिअस लिहितो. आणि याच मल्लाचा पुतळा ऑलिंपियात उभारला गेला!

पँक्रेशन या झुंजीत चावणे आणि डोळे फोडणे एवढेच निषिद्ध. ब्रिटिश म्युझियममधल्या एका प्याल्यावर एक मल्ल दुसऱ्याच्या डोळ्यात बोट खुपसतो आहे आणि शेजारी काठी उगारलेला माणूस उभा आहे. गळा आवळायला मात्र मुभा होती. इसवी सनपूर्व 564 मध्ये अर्हिकिअन या मल्लाचा गळा असाच आवळला गेला. मरता मरता त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट मोडले. प्रतिस्पर्ध्याने हार मानली आणि पंचांनी विजयाचा मुकुट प्रेताला घातला.

आजच्या ऑलिंपिक कुस्तीत गळा आवळणे आणि बोटे पिरगळणे, दोन्हींना बंदी आहे. धोक्याची पकड दिसली की पंच शिट्टी फुंकून कुस्ती थांबवतो.