लादीतला गरम घास

अमेरिकेत घरोघरी केल्या जाणाऱ्या ‘स्लायडर’ या चिमुकल्या गरम सँडविचचा इतिहास मांसाच्या चकतीपेक्षा पावाच्या अंगाने अधिक नीट उलगडतो. 1921 मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे सुरू झालेल्या व्हाइट कॅसल या उपाहारगृहाने कांद्यावर वाफवलेले पाच सेंटचे छोटे बर्गर लोकप्रिय केले, हे खरे; परंतु घरच्या स्लायडरला आज जो गोडसर, लुसलुशीत पाव लागतो, त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा व अझोर्स बेटांत आहे. 1878 पासून तेथील मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर येऊ लागले, त्यांनी ‘फोर्नो’ म्हणजे दगडी भट्ट्या बांधल्या आणि ‘पाँव दोसे’, म्हणजे गोड पाव, भाजण्याची रीत तेथे रुजवली. पुढे 1950 मध्ये हिलो येथे रॉबर्ट तायरा या जपानी वंशाच्या बेकरीवाल्याने या प्रकारच्या पावाचा व्यवसाय सुरू केला, आणि 1977 मध्ये तो कॅलिफोर्नियात पोहोचला.

एकमेकांना चिकटलेले हे पाव सुटे न करता संपूर्ण लादी आडवी कापायची, मध्ये हॅम व चीज भरायचे, वरून वितळलेले लोणी लावून ओव्हनमध्ये भाजायचे आणि मगच एकेक तोडून घ्यायचा, ही कृती कष्ट वाचवणारी असल्यानेच ती घरात टिकली. मराठीतला ‘पाव’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज ‘पाँव’वरून गोव्यामार्गे आला असल्याने, मुंबईची लादी आणि हवाईची लादी ही दूरची, पण खरी भावंडे ठरतात.