युद्ध जिंकलेले चर्चिल निवडणूक का हरले?

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनमध्ये मतदान झाले. जर्मनी शरण येऊन दोन महिनेही उलटले नव्हते, जपानशी युद्ध सुरूच होते. २६ जुलैच्या निकालात मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि विन्स्टन चर्चिल यांना पंतप्रधानपद सोडावे लागले.

उत्क्रांतीवादी मानसशास्त्र याचे एक उत्तर सुचवते. टोळ्यांनी राहणाऱ्या मानवाला संकटकाळी आक्रमक नेता हवासा वाटे आणि शांततेत समेट घडवणारा. ती प्रवृत्ती आजही टिकून आहे, असे हे अभ्यासक मानतात. प्रयोगांतही युद्धाची कल्पना करायला सांगितल्यावर लोकांचा कल राकट चेहऱ्याकडे झुकलेला दिसला आहे. म्हणजे १९४० साली चर्चिल, १९४५ साली मितभाषी ॲटली. स्पष्टीकरण चपखल आहे. जरा जास्तच चपखल.

कारण मे १९४० मध्ये जनतेने चर्चिल यांना निवडलेच नव्हते. नॉर्वेच्या मोहिमेतील अपयशानंतर चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करण्यास मजूर पक्षाने नकार दिला, लॉर्ड हॅलिफॅक्स मागे सरले आणि १० मे रोजी पद चर्चिल यांच्याकडे आले. निर्णय मूठभर राजकारण्यांचा होता. लोकमत त्यामागून आले.

ते कसे पसरले, हे समजून घेताना ‘मीम’ ही संकल्पना उपयोगी पडते. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली हा शब्द अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणाऱ्या कल्पनेसाठी योजला (समाजमाध्यमांवरचे विनोद फार नंतरचे). युद्धकाळातले तिचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘व्ही’. जानेवारी १९४१ मध्ये बेल्जियमच्या व्हिक्टर द लाव्हले यांनी बीबीसीवरून हे अक्षर प्रतिकाराचे चिन्ह म्हणून सुचवले. फ्रेंचमध्ये ते ‘विजय’ या शब्दाचे आद्याक्षर, डचमध्ये ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचे. खडूच्या दोन रेघांत ते भिंतीवर उमटे. मोर्स लिपीत त्याची खूण तीन टिंबे आणि एक रेघ. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवातही त्याच ठेक्याची, त्यामुळे दारावर टकटक करूनही ते ‘बोलता’ येई. चर्चिल यांची प्रसिद्ध दोन बोटे त्यानंतरची. आणि चिन्हाला निष्ठा नसते: त्याच वर्षी जर्मनांनी आयफेल मनोऱ्यावर स्वतःचाच भला मोठा ‘व्ही’ लावला!

मात्र ‘व्ही’ची खूण करणारा हात मत त्याच नेत्याच्या पक्षाला देईलच असे नव्हते. मे १९४५ च्या गॅलप चाचणीत ८३ टक्के लोक चर्चिल यांच्या कारभारावर समाधानी होते. पण तिशीच्या दशकातील बेकारी विस्मरणात गेली नव्हती. डिसेंबर १९४२ मध्ये सामाजिक सुरक्षेची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या रुक्ष सरकारी दस्तऐवजाच्या लाखो प्रती खपल्या. सामान्य मतदाराने युद्धाचा नेता आणि घर, नोकरी, दवाखाना देऊ पाहणारा पक्ष यांचा हिशेब वेगवेगळा मांडला. मतदान आणि निकाल यांत तीन आठवड्यांचे अंतर पडले, कारण परदेशी तैनात असलेल्या सैनिकांच्या मतपत्रिका यायच्या होत्या. त्यांतील मोठा वाटा मजूर पक्षालाच मिळाला, असे मानले जाते.