भाड्याच्या घरांतील गुंतवणूक, वऱ्हाडातील

भाड्याच्या उत्पन्नासाठी घर, गाळा वा खोल्या बांधून अगर विकत घेऊन त्यांत भांडवल घालण्याचा व्यवहार. ह्या व्यवहारातील खर्च बव्हंशी आधी मोजता येतो. धोका मात्र मुख्यतः कालहरणाचा असतो. वऱ्हाडात ह्या धोक्याला जे विशिष्ट रूप आले, ते प्रदेशाच्या राजकीय इतिहासातून आले.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत येथे मुंबईचा १९४७ चा भाडे-कायदा लागू झाला नाही. येथे मध्य प्रांत व वऱ्हाड शासनाचा १९४६ चा कायदा व त्याखालील १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश अंमलात आला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हा आदेश कायम राहिला. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा होता. एकाच राज्यात भाड्याचे तीन कायदे चाळीस वर्षे नांदले.

मुंबईचा घरमालक सरळ न्यायालयात दावा लावी. वऱ्हाडातील मालकाला भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वीच भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. तीन महिन्यांचे भाडे थकणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःच्या राहण्याची खरी गरज, घर रिकामे केल्याखेरीज न होणारी आवश्यक दुरुस्ती अशी कारणे त्यासाठी ठरलेली होती. परवानगीविरुद्ध अपील होई. ती टिकल्यावर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा. म्हणजे एकाच घरासाठी दोनदा झगडावे लागे. आदेशाने भाडेकरूला मनमानी निष्कासनापासून वाचविले, हे खरे. पण त्याची किंमत पुष्कळदा घरानेच मोजली. धाब्याच्या छपरावर दरवर्षी माती टाकणे वा कवेलू फेरणे ही कामे पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजेत. भाडे अडकलेला मालक ती टाळी आणि भाडेकरू ती आपली मानीत नसे. मुंबईत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तेथे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेले होते. मोडकळीस आलेल्या चाळींसाठी शासनाला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, आणि भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला व तिन्ही जुने कायदे गेले. नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीची पायरी संपली. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला मिळाला. दुरुस्तीची जबाबदारी मात्र त्याच्याकडेच राहिली. निवासासाठी परवान्याने (लिव्ह अँड लायसन्स) दिलेली जागा मुदत संपूनही न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर कराराच्या अटींविषयी वाद झाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरतात. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा सार्वत्रिक समज ह्या अधिनियमाच्या क्षेत्रात चुकीचा आहे, आणि मालकांचे सर्वाधिक नुकसान बहुधा त्यानेच होते. अधिनियम अनुसूचित क्षेत्रांनाच लागू असल्याने शहरालगतच्या गावात गाव त्यात येते की नाही, हे प्रथम पाहावे लागते.

खर्चाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. घरपट्टी, रंगसफेदी, नळ व विजेची डागडुजी, कर्जाचे व्याज आणि जागा रिकामी राहील ते महिने भाड्यातून वजा करावे लागतात. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या वार्षिक मूल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती कितीही होवो. जुन्या घराच्या मालकाला ती अपुरी पडते, नव्या घराच्या मालकाला सोयीची असते.

अमरावतीजवळ नागपूर मार्गावरील नांदगाव पेठ येथे मागणीचा धोका स्पष्ट दिसतो. येथे औद्योगिक वसाहत असून १,३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अशा प्रकल्पाच्या बांधकामकाळात खोल्यांना जी मागणी येते, ती मजूर व तंत्रज्ञांची आणि अल्पकालीन असते. उत्पादन सुरू झाल्यावर राहणारा कर्मचारीवर्ग वेगळा, पुष्कळदा कुटुंबवत्सल, आणि अमरावती शहरातून ये-जा करू शकणारा असतो. पहिल्या मागणीवरून बांधलेल्या एकखोली चाळी दुसऱ्या काळात रिकाम्या पडण्याचा संभव असतो.