छोट्या धंद्याची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किंवा कल्याणच्या बाजारातून चालत गेले, की दुकानादुकानांतून एकच देखावा दिसतो. चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे लाल कापडी बांधणीची नवी वही, पहिल्या पानावर 'श्री', स्वस्तिक, 'शुभ-लाभ', आणि वर हळदकुंकू. कामगारांच्या देण्याघेण्यापायी अशा पुष्कळ दुकानांत आणि वर्कशॉपांत आम्ही तासन् तास बसलो आहोत, आणि शिमग्याच्या सुमारास त्याच वह्या उघडून पाहण्याचा योग आम्हांस आला आहे. कित्येकींचे पहिले पान तेवढे हळदीने माखलेले असते. पुढची सारी कोरी.

कामगार चळवळीतल्या माणसाने मालकाच्या वहीची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक नाव सांगतो. आमच्या चळवळीचे आद्यपुरुष नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली याच ठाण्यात जन्मले. रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी करून ते पुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे मालाची आवक-जावक लिहिणे हाच त्यांचा पेशा. 1884 साली त्यांनी 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्यात आणखी एक मागणी होती: मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. पगार तारखेला द्यायचा तर हिशेबही तारखेला पुरा झाला पाहिजे. गिरणीतली वही कशी चालते हे जवळून पाहिलेल्या माणसालाच अशी मागणी नेमकी सुचते.

वही आमच्या मुलखाला नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने दगडात कोरलेली आहेत. कोणी दिले, काय दिले, कोणास दिले, याची ती नोंदच होय. पेशवाईत दररोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द लिहिली जाई. कीर्द म्हणजे जे घडले ते तारखेवार लिहिणे. खतावणी म्हणजे तेच पुढे माणसावार आणि बाबवार वेगळे काढणे. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती भिक्षूने 1494 साली व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची रीत मांडली. ती त्याने शोधली नव्हती, पेढ्यांवर चालत होती ती नीट लिहून काढली. तिचे मर्म एवढेच, की एकाचे देणे ते दुसऱ्याचे येणे असते, म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावा. म्हणजे एका बाजूची लबाडी किंवा विसर दुसऱ्या बाजूला उघडा पडतो.

पण आमच्याकडे गोरगरिबाला वहीची ओळख झाली ती अशी नव्हे. ज्या 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच सालच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांना घेरले. त्यांना सर्वांत आधी हवी होती ती खतपत्रे. हाती लागली ती त्यांनी जाळली. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकारावर पावती देण्याचे, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा देण्याचे आणि मागितल्यास पासबुक ठेवण्याचे बंधन घातले. जुन्या ठाणे जिल्ह्यात, जो भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे तिथे, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस जन्मभर जमीनदाराकडे राबे. किती फिटले आणि किती राहिले हे जमीनदार सांगेल तेच खरे. 1945 साली वारली उठले तेव्हा ही वेठ मोडली. वही नेहमी दुसऱ्याची, आणि आपल्यावर उगारण्यासाठी, ही समजूत अशी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आजचा छोटा धंदेवाईकही हिशेब लिहितो तो कर खात्यासाठी, वर्षातून एकदा, आणि मनातून नाराजीने. स्वतःसाठी वही लिहायची असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

वहीवाचून नेमके काय दिसत नाही, हे धंद्याधंद्यात निराळे असते. भिवंडीचा यंत्रमागवाला घ्या. सूत व्यापाऱ्याचे, माग याचा. कापडाची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे इंचात बसणारे आडवे धागे. समजा 52 पिकांचे कापड आणि पिकाला 10 पैसे, तर मीटरला 5 रुपये 20 पैसे झाले. त्यातून कारागीर, कांडीवाला, मिस्त्री, वीज, गाळ्याचे भाडे गेले, की उरते तो नफा, असे तो समजतो. पण माग झिजतो. त्या झिजेचे पैसे रोज थोडे थोडे बाजूला निघाले नाहीत, तर ज्याला तो नफा म्हणून खातो तो मागच असतो. डोंबिवलीतल्या पोळीभाजी केंद्रांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे रोख रोजच्या रोज येते, उधारी बेताची. पण गॅस, तेल आणि कणीक घरची किती व धंद्याची किती, हे वेगळे काढलेले नसते, आणि पहाटे उठणाऱ्या बाईची स्वतःची मजुरी तर कुठल्याच बाजूला लिहिलेली नसते. ती लिहिली तर काही केंद्रांचा भाव दुसऱ्या दिवशी वाढेल, अशी आमची खात्री आहे.

वागळे इस्टेटीतल्या एका लेथच्या वर्कशॉपची हकीकत जरा विस्ताराने सांगतो. 1990 नंतरच्या दशकातली गोष्ट. कामगार अकरा. मालक स्वतः जुना टर्नर, माणूस सरळ. मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देई. पैसे तीन-चार महिन्यांनी येत. मधल्या काळात पगार भागवायला तो महिना तीन टक्क्यांनी कर्ज काढी. एके दिवशी शटर खाली आले. आम्ही देणी मागायला गेलो, तेव्हा त्याने प्लॅस्टिकची एक पिशवी पुढे केली. आत बिले, चलने, चिठोऱ्या. एक निवृत्त मुनीमजी मदतीला आले, आणि चार रात्री बसून आम्ही त्या पिशवीची कीर्द लिहिली. आमचे हिशेबाचे शिक्षण झाले ते तिथेच. तिसऱ्या रात्री उमगले, की ज्या नगावर मालकाचा सर्वांत मोठा भरवसा होता तो 14 रुपयांना विकला जाई, आणि भंगार, व्याज, हत्यारांची झीज धरता त्याला 15 रुपये 20 पैसे पडत. मालक बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं मी पदरचे पैसे घालून त्यांचं काम करत होतो?"

कामगारांची गत याहून वाईट निघाली. हजेरीपटावर नावे सहाच. तेव्हाच्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळे. पण नोकरी होती हे दाखवायचे कशाने? एका ऑपरेटरने मात्र शंभर पानी वहीत रोजचा ओव्हरटाइम आणि पाळीवर बरोबर कोण होते, हे लिहून ठेवले होते. त्या वहीवर त्याच्यासह चौघांची नोकरी सिद्ध झाली आणि लेथ विकून त्यांचे पैसे चुकते झाले. अकरावा माणूस माल भरण्या-उतरवण्याचे काम करी. तो कुठल्याच पाळीत धरलेला नव्हता, आणि कुठल्याच वहीत नव्हता. आठ वर्षांच्या नोकरीबद्दल त्याला एका महिन्याचा पगार मिळाला. चूक आमचीही होती. वर्गणी आम्ही त्याच्याकडूनही घेत होतो, पण पटावर त्याचे नाव आहे का, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

पुढे 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याने असा नियम केला, की लहान उद्योगाकडून माल घेणाऱ्याने फार तर 45 दिवसांत पैसे द्यावेत. नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार ऐकायला सुविधा परिषदही आहे. तो टर्नर आज असता, तर याच कायद्याने त्याने सावकार टाळला असता. मात्र परिषदेपुढे उभे राहायचे, तर नोंदणी हवी, तारखेचे बिल हवे, माल पोचल्याची सही हवी. पिशवी घेऊन तिथे काही निभत नाही. 2017 च्या जीएसटीनंतर पुष्कळांनी संगणकावर हिशेब नेला हे खरे; पण तो लिहितो कर सल्लागार, आणि मालक सही करतो. पिशवीच्या जागी दुसऱ्याचा संगणक आला, इतकेच.

त्या वर्कशॉपनंतर आम्ही एक पद्धत ठेवली. दहा-बारा माणसांच्या जागी नवी शाखा निघाली, की पावतीपुस्तकाच्या आधी शंभर पानी वह्यांचा गठ्ठा जातो. पहिल्या पानावर नाव, कामाला लागल्याची तारीख आणि ठरलेला पगार लिहायचा. दुसऱ्यापासून रोजची हजेरी. मालकाने मागितली तर एक वही त्यालाही देतो. गेल्या वर्षी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका मालकाने दोन मागून घेतल्या: एक कारखान्याची आणि एक घरची.