मॉर्गन यांच्या ग्रंथपाल आणि जाळलेले कागद

१/ धनाढ्य संग्राहकांचे अंतरंग बहुधा त्यांच्या सचिवांच्या आठवणींतून कळते. न्यूयॉर्कचे बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या खासगी ग्रंथपाल बेल द कोस्टा ग्रीन यांनी मात्र मृत्यूपूर्वी आपली वैयक्तिक कागदपत्रे जाळून टाकली.

२/ मॉर्गन यांनी त्यांना १९०५ साली नेमले. दुर्मिळ हस्तलिखितांची पारख, विक्रेत्यांशी घासाघीस, लिलावातील बोली ही सारी कामे हळूहळू त्यांच्याकडे आली. १९११ मध्ये रॉबर्ट हो यांच्या संग्रहाच्या लिलावात कॅक्स्टनने १४८५ साली छापलेला मॅलरीचा ग्रंथ त्यांनी ४२,८०० डॉलरना मिळवला.

३/ मॉर्गन १९१३ मध्ये निवर्तले. १९२४ साली ते ग्रंथालय सार्वजनिक संस्था झाले. बेल त्याच्या पहिल्या संचालक.

४/ ‘द कोस्टा’ हे नाव मात्र जन्माचे नव्हते. वडील रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर (१८७०). आईवडील विभक्त झाल्यावर कुटुंब गोऱ्या समाजात मिसळले. सावळ्या वर्णाचे कारण म्हणून बेल पोर्तुगीज वंश सांगत. वर्णभेदाने ग्रासलेल्या अमेरिकेत खरे कुळ उघड होणे म्हणजे पदावर पाणी सोडणे.

५/ १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. मॉर्गनचरित्रकार जीन स्ट्राउस यांनी त्यांची जन्मनोंद शोधली. १९९९ मध्ये ती वाचकांसमोर आली. कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांनी जपलेल्या पत्रांमुळे बेल यांचा आवाज आजही ऐकू येतो.

६/ इतरांचे कागद जपण्यात त्यांनी हयात घालवली, स्वतःचे अग्नीच्या स्वाधीन केले. दफ्तर चाळताना काय उरले याबरोबर काय उरू दिले गेले नाही, हेही विचारावे.