कुत्र्याची खाज आणि सिट्रिझिनची गोळी

कुत्रं खाजवायला लागलं की सिट्रिझिन द्या, फारच झालं तर एव्हिल टोचून घ्या, हा सल्ला आज कुत्रं पाळणाऱ्या घरांत डॉक्टरच्या आधी पोचतो. औषधांच्या दुकानात तो मिळतो, सोसायटीच्या बागेत मिळतो, आणि आम्हा पशुवैद्यांपैकी अनेकांकडूनही मिळतो. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. खाज म्हणजे ॲलर्जी, ॲलर्जी म्हणजे हिस्टामिन, अँटिहिस्टामिन त्याला अडवतं, शिवाय गोळी स्वस्त आणि निरुपद्रवी. मग देऊन पाहायला काय हरकत आहे? माझी हरकत या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीला आहे.

हिस्टामिनपासून सुरुवात करू. आपल्या अंगावर पित्त उठतं तेव्हा गांध्या आणि खाज दोन्ही मुख्यतः हिस्टामिनमुळे असतात, म्हणून सिट्रिझिनने आराम पडतो. हाच अनुभव आपण कुत्र्याला लावतो. कुत्र्याच्या त्वचेत हिस्टामिन टोचलं तर गांधी उठते खरी. ॲलर्जीच्या त्वचाचाचणीत तुलनेसाठी तेच टोचतात. पण निरोगी कुत्र्यांवर हा प्रयोग केला तेव्हा ती त्या जागी खाजवायला लागली नाहीत. इंटरल्यूकिन-३१ हे प्रथिन दिल्यावर मात्र बीगल कुत्री खाजवू लागली, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हे प्रथिन हिस्टामिनच्या वाटेने न जाता थेट मज्जातंतूंना चेतवतं. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लासिटिनिब हे औषध या प्रथिनाचा पेशीतला संदेश रोखतं, आणि नंतर आलेलं लोकिवेटमॅब हे इंजेक्शन त्या प्रथिनालाच बांधून टाकतं. जुनाट ॲटोपीच्या, म्हणजे ॲलर्जीच्या त्वचारोगाच्या, कुत्र्यांना या औषधांनी पडणारा फरक अँटिहिस्टामिनने सहसा पडत नाही. या रोगासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही अँटिहिस्टामिनकडून माफकच अपेक्षा ठेवतात, आणि द्यायचंच तर खाज भडकण्याआधीपासून नियमित द्या, असं सांगतात.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आमच्या कुत्र्याला तर गुण आला! गुण आला हे मी नाकारत नाही. तो कशाने आला, एवढंच विचारतो. आपल्याकडे एव्हिलच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचण्याची पद्धत सर्रास आहे. खाज थांबवतं ते स्टेरॉइड आणि मालकाच्या लक्षात राहतं ते एव्हिल. एव्हिलसारख्या जुन्या औषधांनी गुंगीही येते, आणि गुंगीतलं कुत्रं रात्रभर खाजवत नाही. त्वचेचा दाह तसाच असतो. शिवाय ॲटोपीची खाज ऋतूप्रमाणे आपोआप चढते-उतरते. उतरतीला दिलेल्या कोणत्याही गोळीला यश मिळतं.

म्हणून ही अँटिहिस्टामिन औषधं टाकून द्यावीत, असं मी म्हणत नाही. गांधीलमाशी चावून तोंड सुजलं, अंगभर गांध्या उठल्या, तर त्यांचा उपयोग आहे. मास्ट पेशींच्या गाठीतून हिस्टामिनचा लोंढा सुटतो, तिथे तर ती हवीतच. ट्रायमेप्राझिनसारखं औषध प्रेडनिसोलोनबरोबर दिलं की स्टेरॉइडची मात्रा कमी करता येते, हाही खरा फायदा आहे.

पण ॲनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र, जीवघेण्या झटक्यात, एव्हिलवर विसंबणं जिवावर बेतू शकतं. ही अवस्था रिशे आणि पोर्तिए यांनी १९०२ मध्ये कुत्र्यांवरच्याच प्रयोगांत ओळखली. कुत्र्यात तिचा मोठा तडाखा यकृत आणि आतड्यांना बसतो. लसीनंतर किंवा दंशानंतर उलट्या-जुलाब होऊन कुत्रं कोसळतं, अंगावर एकही गांधी नसते, आणि त्यामुळे ही ॲलर्जी आहे हेच सुचत नाही. इथे पहिलं औषध ॲड्रेनालिन, सोबत शिरेतून सलाइन. अँटिहिस्टामिन त्यानंतर.

आता ती निरुपद्रवीपणाची गोष्ट. साधं सिट्रिझिन बऱ्यापैकी सुरक्षित आहे, मान्य. पण घरच्या डब्यातली ‘सर्दीची गोळी’ बहुधा साधी नसते. तिच्यात पॅरासिटामॉल आणि फेनिलएफ्रिन असतं, कधी स्यूडोएफेड्रिन. हे शेवटचं कुत्र्याला थोड्या मात्रेतही घातक ठरतं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या सिरपने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

याहून मोठं नुकसान वाया जाणाऱ्या आठवड्यांचं आहे. आपल्या दमट हवेत खाजेमागे पिसवा, गोचीड, खरूज, बुरशी आणि पूयजंतू किती वेळा निघतात! ही कारणं आधी बाजूला काढल्याशिवाय ॲटोपीचं निदान करताच येत नाही. शेपटीच्या मुळाशी केस गेले असतील तर आधी पिसवांची काळी विष्ठा शोधावी. ओल्या पांढऱ्या कापसावर ती तांबूस उतरते, कारण ते पचलेलं रक्तच असतं. कानाची कड दोन बोटांत धरून चोळावी. मागचा पाय आपोआप झटके देऊ लागला तर खरजेचा दाट संशय घ्यावा आणि घरातल्या कुणाच्या हातावर, पोटावर पुरळ आहे का, तेही विचारावं. ब्लेडने त्वचा खरवडून काचपट्टीवर घ्यायला, चिकटपट्टी लावून बुरशी पाहायला फार वेळ लागत नाही. खरजेचा किडा खरवडीत पुष्कळदा सापडत नाही, म्हणून संशय पक्का असेल तर उपचार सुरू करावेत. फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनरने तो किडा मरतो. सिट्रिझिनच्या पट्ट्यांमागून पट्ट्या संपल्या तरी तो त्वचेत बिळं करून अंडी घालतच राहतो, आणि तोवर घरातलं दुसरं कुत्रंही खाजवायला लागलेलं असतं.