नळीभर रक्त, कागदावरचा थेंब

पनवेलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रोज रुग्णांचं रक्त घेते. त्यामुळे उत्तेजक चाचणीचा इतिहास मला सुईच्या बाजूने दिसतो.

ऑलिंपिकमध्ये १९६८ साली तपासणी सुरू झाली ती लघवीची. रक्ताचे नमुने घेतले गेले ते १९९४ मध्ये, लिलेहॅमरला. २००९ पासून खेळाडूच्या रक्ताची वेळोवेळी नोंद ठेवणारा ‘रक्त पासपोर्ट’ आला आणि नियम कडक झाले. व्यायामानंतर ठरावीक वेळ थांबायचं, पाय जमिनीला टेकवून दहा मिनिटं बसायचं. घाम गेला किंवा बराच वेळ उभं राहिलं की रक्तातलं पाणी घटतं, हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं. मग नळी थंड ठेवून प्रयोगशाळेत वेळेत पोचवायची. भारतातली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा दिल्लीत. कोकणच्या उकाड्यातून नमुना तिथवर नेणं जिकिरीचं.

ही जिकीर टाळणारी एक जुनी वाट आहे. नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर थेंब घेण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये रूढ केली. तीच वाट टोकियो ऑलिंपिकमध्ये चाचणीदाखल आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नियमितपणे खेळाडूंपर्यंत आली. बोटातून किंवा दंडातून काही थेंब पुरतात, ते वाळले की बर्फ लागत नाही. मात्र वाळलेल्या थेंबात रक्तपेशी मोजता येत नाहीत, म्हणून पासपोर्टसाठी नळी हवीच.

दोन्ही पद्धती टिकाव्यात. जिल्हा पातळीवरच्या प्रामाणिक मुला-मुलींपर्यंत स्वस्त, सोपी तपासणी पोचवायला हा थेंब वापरा, अशी माझी क्रीडा संघटनांना कळकळीची विनंती आहे.